करिंथची अडलेली वर्गणी

इ.स. ५६ च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीचं एक काम रखडलं होतं. यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पैसे पाठवायचे, असं त्यांनी वर्षभरापूर्वी उत्साहाने कबूल केलं होतं. सुरुवातही केली होती. पुढे ते थांबलं. उघड नकार कोणी दिला नव्हता, वाद घालून काम बंदही पाडलं नव्हतं. ज्यांनी कधी मंडळीत एखाद्या गरजेसाठी पैसे उभे केले आहेत, त्यांना ही अवस्था चांगली ठाऊक असते. पहिल्या रविवारी हात भराभर वर होतात, तिसऱ्या महिन्यात विषय निघाला की माणसं चपला शोधू लागतात.

हे काम पुन्हा कसं उभं राहिलं त्याची नोंद, ही मंडळी स्थापणाऱ्या प्रेषित पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या आणि नवव्या अध्यायांत आहे. दोन्ही मिळून ३९ वचनं. निःस्वार्थ दानाविषयी नव्या करारात इतका सलग आणि इतका व्यवहारी मजकूर दुसरीकडे सापडत नाही. उपासनेत अर्पणाच्या वेळी यातली दोन-तीन वचनं नेहमी वाचली जातात. पण एका विशिष्ट शहरातल्या विशिष्ट अडचणीवर लिहिलेला कागद म्हणून ती क्वचितच वाचली जातात, आणि तशी वाचली की त्यांचा अर्थ कितीतरी ठळक होतो.

गरज कोणाची होती

यरुशलेमच्या मंडळीची तंगी नवी नव्हती. क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत, म्हणजे इ.स. ४१ ते ५४ या काळात, यहूदीयात दुष्काळ पडला. अगब नावाच्या संदेष्ट्याने त्याची पूर्वसूचना दिली तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मदत गोळा करून बर्णबा आणि शौल, म्हणजे पौल, यांच्या हाती पाठवली. हा दुष्काळ ख्रिस्ती लिखाणाबाहेरही नोंदलेला आहे. अदियाबेनेच्या हेलेना राणीने अलेक्झांड्रियाहून धान्य आणि सायप्रसहून सुके अंजीर विकत आणवून यरुशलेममध्ये वाटल्याचं यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो.

पुढे यरुशलेममध्ये तिथल्या मंडळीचे पुढारी याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान यांनी पौलाच्या परराष्ट्रीयांमधल्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांमधल्या, सेवेला मान्यतेचा हात दिला, तेव्हा एकच गोष्ट मागितली: गरिबांची आठवण ठेवा. पौलाने ती मनावर घेतली. गलतीया, मासेदोनिया, अखया या प्रांतांतल्या मंडळ्यांकडून त्याने कित्येक वर्षं चालणारी वर्गणी सुरू केली. देणारे बहुतेक यहूदीतर होते, घेणारे यहूदी. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली, एका ताटात जेवावं की नाही यावरून वाद असलेली माणसं. रोमकरांस पत्रात पौल या पैशाला उपकार म्हणत नाही, ऋण म्हणतो: त्यांच्या आध्यात्मिक ठेव्यात परराष्ट्रीय वाटेकरी झाले, तेव्हा ऐहिक गोष्टींत त्यांची सेवा करणं हे यांचं देणं आहे. देणाऱ्याला उंच आणि घेणाऱ्याला खाली बसवणारं दान इथे पहिल्या पायरीवरच बाद होतं.

पहिली सूचना

करिंथला दिलेली कार्यपद्धती पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, तुमच्यातल्या प्रत्येकाने, आपल्यापाशी, जसं यश मिळालं असेल त्या मानाने काहीतरी बाजूला काढून साठवावं. म्हणजे मी आल्यावर गोळा करत बसावं लागणार नाही. एवढंच, पण यातला एकही शब्द भरतीचा नाही.

‘आठवड्याच्या पहिल्या दिवशी’ याचा अर्थ बाजूला काढणं नियमाने, खर्च होण्याआधी. ‘प्रत्येकाने’ म्हणजे श्रीमंत आश्रयदात्यावर भार टाकून बाकीच्यांनी मोकळं व्हायचं नाही. दासाचाही यात वाटा आहे. ‘मिळालं असेल त्या मानाने’ म्हणजे ठरावीक आकडा नाही. इथे किंवा दुसऱ्या पत्राच्या त्या दोन अध्यायांत कुठेही पौल दशमांशाचा उल्लेख करत नाही. दशमांश देणाऱ्याने तो आनंदाने द्यावा, पण या वचनांचा आधार घेऊन दहा टक्के वसूल करू नयेत. तसं इथे लिहिलेलं नाही.

रकमेचा अंदाज घेऊ. मजुराची दिवसाची मजुरी साधारण एक दिनार. आपल्या जुन्या रुपयाचे सोळा आणे असत, तसे दिनाराचे सोळा ‘अस’ असत. आठवड्याला एक अस, म्हणजे दिवसाच्या मजुरीचा सोळावा हिस्सा, बाजूला काढला तर ५२ आठवड्यांत ५२ अस होतात: सव्वातीन दिनार. असे वीस जण असतील तर ६५ दिनार. हा हिशेब आपला आहे, पत्रात रक्कम दिलेली नाही. पण पद्धतीचं बळ त्यातून दिसतं. हातावर पोट असलेल्या माणसाला एकदम तीन दिवसांची मजुरी काढून दे म्हटलं तर तो देऊ शकत नाही. दर आठवड्याला एक अस मात्र देऊ शकतो. पद्धत नसेल तर गरिबाचं औदार्य वायाच जातं.

याच सूत्रावर भारतातली एक प्रथा शंभराहून अधिक वर्षं चालली आहे. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून ‘बुहफाइ थम’, म्हणजे मूठभर तांदूळ, काढला जातो. भात शिजवायला घेताना त्यातली एक मूठ आधी वेगळ्या भांड्यात पडते. मंडळीतल्या स्त्रिया हा तांदूळ घरोघरहून गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा सुवार्ताकार्याला जातो. मूठ जेवण झाल्यावर उरलेल्यातून काढत नाहीत, आधी काढतात. सगळी गोम त्या ‘आधी’त आहे.

सूचनेतला ‘आपल्यापाशी’ हा शब्द सहज नजरेतून सुटतो. साठवण घरी, स्वतःकडे. कोणी किती काढलं हे शेजारच्याला दिसत नाही. आपल्याकडे वर्गणी म्हटलं की पावतीपुस्तक घेऊन दारात उभे असलेले चार जण आठवतात, आणि शेजारच्या बिऱ्हाडाने किती दिले ते स्थळप्रतीवर वाचता येतं. मग हात आपोआप त्या आकड्याशी जुळवून घेतो. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही येशूची शिकवण पौलाने व्यवस्थेत बसवली ती अशी.

काम अडलं कुठे

पद्धत चांगली होती, तरी करिंथ अडलं. कारणं एकाहून अधिक आहेत, आणि सगळ्यांत मोठं कारण पैशाचं नाही.

दोन पत्रांच्या दरम्यान पौल आणि करिंथकर यांचे संबंध बिघडले होते. एक भेट दुःखदायक झाली. त्यानंतर पौलाने अश्रू ढाळत एक कडक पत्र लिहिलं. मंडळीत दुसरे शिक्षक आले होते आणि ते पौलाच्या अधिकारावर बोट ठेवत होते. ज्याच्या सांगण्यावरून पैसे बाजूला काढायचे त्याच्याविषयीच मन कलुषित झालं तर हात आखडतोच. पौलाने हे ओळखलं होतं. पौलाचा सहकारी तीत हा मासेदोनियात येऊन ‘करिंथकरांचं मन वळलं आहे’ ही बातमी देईपर्यंत त्याने वर्गणीचा विषय लांबवला. पत्राचा सातवा अध्याय समेटाचा आहे. पैशाचा विषय त्यानंतर, आठव्यात. हा क्रम महत्त्वाचा आहे. मंडळीत भांडण धुमसत असताना निधीचं आवाहन काढलं की दोन्ही बिघडतं, आवाहनही आणि भांडणही.

दुसरं कारण संशय. पौल करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरत असे आणि करिंथकरांकडून मानधन घेत नसे. मासेदोनियातल्या मंडळ्यांची मदत मात्र त्याने घेतली होती. या गोष्टीचा विरोधकांनी उलटा अर्थ लावलेला दिसतो: समोरून घेत नाही, म्हणजे वर्गणीच्या नावाखाली मागच्या दाराने घेणार. बाराव्या अध्यायात पौलाला सरळ विचारावं लागतं, मी ज्यांना पाठवलं त्यांच्यापैकी कोणाकरवी तुम्हाला लुबाडलं का? तीताने लुबाडलं का?

तिसरं कारण शहराच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. करिंथ ही ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये नव्याने वसवलेली रोमन वसाहत. दोन समुद्रांवर दोन बंदरं, एका बाजूला लेखायन, दुसऱ्या बाजूला किंख्रिया. व्यापारातून वर आलेली माणसं आणि देणगीच्या बदल्यात मान ही रूढ चाल. तिथल्या नाट्यगृहाजवळ १९२९ मध्ये फरसबंदीवरचा एक लॅटिन शिलालेख सापडला: एरास्त नावाच्या माणसाने नगराधिकाऱ्याचं पद मिळाल्याबद्दल ही फरसबंदी स्वखर्चाने केली. रोमकरांस पत्रात नगराचा खजिनदार म्हणून एका एरास्ताचा उल्लेख येतो. तोच हा की दुसरा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. आपल्या मुद्द्याला एवढं पुरे की या शहरात दान म्हणजे दगडावर नाव. आणि पौल मागत होता ते दान समुद्रापलीकडच्या अनोळखी गरिबांना जाणार होतं. तिथे ना शिलालेख, ना सभेतली पुढची जागा, ना परतफेड. याच मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळीही एक भुकेला राही आणि दुसरा पिऊन तर्र होई. आपल्याच ताटाशेजारचा गरीब ज्यांना दिसत नव्हता, त्यांना यरुशलेमचा कसा दिसावा?

दुरुस्ती

पौल आज्ञा करत नाही. मी हुकूम म्हणून बोलत नाही, मत देतो, असं तो लिहितो. तो आधी दुसऱ्यांची गोष्ट सांगतो. फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया या मासेदोनियातल्या मंडळ्या छळ सोसत होत्या आणि कमालीच्या गरीब होत्या. तरी त्यांनी ऐपतीप्रमाणे, नव्हे ऐपतीपलीकडे दिलं, आणि या सेवेत आम्हालाही सहभागी करून घ्या अशी गळ घातली. त्यांनी पैशाआधी स्वतःला प्रभूला दिलं, हे पौल मुद्दाम नोंदवतो.

या उदाहरणाचा गैरवापर फार होतो, म्हणून थोडं थांबून. मासेदोनियाची गोष्ट पौल गरीब श्रोत्यांवर ओझं टाकायला सांगत नाही. ती तो मासेदोनियाहून सुस्थितीतल्या करिंथला सांगतो. आणि लगेच मर्यादा घालतो: जे आहे त्या मानाने दान मान्य होतं, नाही त्या मानाने नव्हे. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढाताण, असा हेतू नाही. मुलाची फी थकवून किंवा व्याजाने पैसे काढून अर्पण टाका असं कोणी सांगत असेल तर ते आठव्या अध्यायाच्या बाराव्या आणि तेराव्या वचनांच्या सरळ विरुद्ध आहे.

त्याची मोजपट्टी आहे समता. आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची. दाखला रानात देवाने पुरवलेल्या मान्ना या अन्नाचा आहे. इस्राएल लोक माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, मान्ना गोळा करत. ज्याने पुष्कळ गोळा केलं त्याचं जास्त झालं नाही, ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवलं त्यांच्यात किडे पडले, हे निर्गमच्या त्याच अध्यायात पुढे आहे. पौलाने तो भाग उद्धृत केलेला नाही. ज्यांना शास्त्र पाठ होतं त्यांना तो आठवला असणारच.

या सगळ्याचा पाया एका वचनात आहे: आपला प्रभू येशू ख्रिस्त धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झाला, यासाठी की त्याच्या दारिद्र्याने तुम्ही धनवान व्हावं. ख्रिस्ती दान निःस्वार्थ का, याचं उत्तर इथे आहे. देणारा पुण्य कमवायला देत नाही, कारण मिळायचं ते आधीच मिळून चुकलं आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘खारिस’, म्हणजे कृपा, हा शब्द या दोन अध्यायांत दहा वेळा येतो. कधी देवाची कृपा, कधी देण्याची संधी, कधी ती जमलेली देणगीच, कधी आभार. कृपा वरून येते, देणाऱ्यातून वाहते आणि आभार होऊन परत देवाकडे जाते. पहिल्या पत्रात पौलाने वर्गणीसाठी ‘लोगेइया’ हा व्यवहारातला शब्द वापरला होता. दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो ‘यूलोगिया’, आशीर्वाद, म्हणतो. तुमची देणगी आशीर्वाद म्हणून तयार असावी, लोभाने उकळलेली नसावी. याच जागी ते प्रसिद्ध वचन आहे की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पाडलं म्हणून नव्हे, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो.

पेरणी-कापणीचा दृष्टान्तही इथलाच. सढळ हाताने पेरील तो सढळ हाताने कापील. हे वचन गुंतवणुकीच्या जाहिरातीसारखं वापरलं जातं: शंभर टाका, हजार मिळतील. पण दोन वचनं पुढे वाचलं की कापणी कसली ते कळतं. तुम्हाला पुरेसं असावं आणि प्रत्येक चांगल्या कामासाठी तुमच्यापाशी भरपूर असावं. परतावा येतो तो पुन्हा देण्यासाठी येतो.

शब्दांनी मन तयार झालं तरी काम माणसांनीच व्हायचं. पौलाने तिघांना पुढे पाठवलं. तीत, ज्याने हे काम करिंथमध्ये पूर्वी सुरू केलं होतं आणि जो आता स्वतःहून जायला तयार झाला. दुसरा एक भाऊ, ज्याची सुवार्तेच्या कामाबद्दल सर्व मंडळ्यांत वाखाणणी होती. तिसरा, पुष्कळ बाबतींत पारखलेला. दुसऱ्याची नेमणूक पौलाने केलेली नाही, मंडळ्यांनी केली आहे. सगळ्या व्यवस्थेची किल्ली इथे आहे. एवढ्या मोठ्या देणगीच्या कारभारात कोणी आम्हाला दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो, जे प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही योग्य ते करतो, असं तो लिहितो. पहिल्या पत्रातही त्याने म्हटलं होतं की तुम्ही पसंत कराल त्यांनाच मी पत्रं देऊन पाठवीन. पैसा एकट्या पौलाच्या थैलीत कधीच नाही.

देणाऱ्याने किती दिलं ते झाकलेलं. जमलेली रक्कम कोणाच्या हातून कुठे जाते ते उघड. पुष्कळ मंडळ्यांत नेमकं उलट होतं. मोठ्या देणगीदाराचं नाव व्यासपीठावरून वाचलं जातं आणि ताळेबंद मात्र खजिनदाराच्या कपाटात राहतो. संशय तिथेच जन्मतो. एका माणसाच्या प्रामाणिकपणाची कितीही ग्वाही दिली तरी तो जात नाही. दोन-तीन जणांनी एकत्र मोजणं, मोजणाऱ्यांची निवड मंडळीने करणं आणि आकडा जाहीर करणं यानेच जातो.

तीन जणांना आधी पाठवण्याचं आणखी एक कारण पौल मनमोकळेपणाने सांगतो. मासेदोनियात त्याने करिंथच्या तयारीची स्तुती केली होती, आणि तिथले काही जण त्याच्यासोबत करिंथला येण्याची शक्यता होती. ते आले आणि काहीच तयार नसलं तर? आमची फजिती होईल, तुमची होईल हे तर बोलायलाच नको. यात दबाव आहे का? थोडा आहे, असं आम्हाला वाटतं. पण तो लाजेच्या प्रसंगाआधी सावध करणारा दबाव आहे. पाहुण्यांच्या देखत झोळी फिरवून माणसाला कोंडीत पकडणारा नव्हे. तयारीला वेळ देणं हाही देणाऱ्याच्या मोकळिकीचा भाग आहे.

रक्कम हलवणं

करिंथने शेवटी दिलं. पौल इ.स. ५७ च्या सुमारास करिंथहूनच रोमकरांस लिहितो तेव्हा मासेदोनियाबरोबर अखयाचंही नाव घेतो, आणि करिंथ ही अखयाची राजधानी.

आता प्रश्न वाहतुकीचा. हुंडी, धनादेश असलं काही या मंडळ्यांच्या हाताशी नव्हतं. नाणी घेऊनच जायचं. हजार दिनार चांदीत नेले तर वजन चार किलोच्या आसपास. तेच सोन्याच्या ‘औरेउस’ नाण्यांत बदलले, २५ दिनाराला एक या दराने, तर ४० नाणी, जेमतेम तीनशे ग्रॅम; कमरेच्या पट्ट्यात मावतील. पण सोनं म्हणजे वाटमारीचं भय, आणि अधिकाऱ्यांचंही. शंभरेक वर्षांपूर्वी आशिया प्रांतातल्या यहूद्यांनी यरुशलेमच्या मंदिरासाठी जमवलेलं सोनं फ्लाकुस या रोमन अधिकाऱ्याने जप्त केलं होतं. एकट्या अपामेयात शंभर पौंडांना थोडं कमी, लावदिकीयात वीस पौंडांहून थोडं जास्त. रोमन वक्ता सिसेरोच्या भाषणात हे आकडे आहेत.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पौलाचे सात सोबती नावानिशी येतात: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आशियाचे तुखिक आणि त्रफिम. या पुस्तकाचा लेखक लूक त्यांचं काम सांगत नाही, पण पत्रांशी जुळवून पाहिलं तर हे निरनिराळ्या प्रांतांतल्या मंडळ्यांचे प्रतिनिधी दिसतात. करिंथहून थेट सूरियाला जहाजाने जायचा बेत होता. निघायच्या वेळी पौलाविरुद्धचा कट उघडकीस आला आणि पौल मासेदोनियामार्गे उलटा फिरला. पुढे फिलिप्पै, त्रोवस, मिलेत, सोर, प्तलमैस, कैसरीया. पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत यरुशलेम गाठायची घाई होती.

पैसे पोचले तरी ते स्वीकारले जातील याची त्याला खात्री नव्हती. रोमकरांना त्याने दोन गोष्टींसाठी प्रार्थना करायला सांगितली: यहूदीयातल्या विश्वास न ठेवणाऱ्यांपासून माझी सुटका व्हावी, आणि यरुशलेमसाठीची माझी ही सेवा तिथल्या पवित्र जनांना पसंत पडावी. परराष्ट्रीयांचा पैसा घेणं म्हणजे त्यांना भाऊ म्हणून मान्य करणं, आणि यरुशलेममध्ये सगळेच त्याला तयार नव्हते. देणाऱ्याने आपला हात मोकळा केला तरी घेणाऱ्याचा हात त्याच्या ताब्यात नसतो.

यरुशलेममध्ये बंधुजनांनी त्यांचं आनंदाने स्वागत केलं, असं लूक लिहितो. वर्गणीविषयी तिथे एक अक्षर नाही. याकोब आणि वडीलजनांनी पौलाला सुचवलं की नवस केलेल्या चार माणसांचा शुद्धीकरणाचा खर्च तू उचल, म्हणजे तू नियमशास्त्र पाळतोस हे लोकांना दिसेल. त्याने ते मानलं. त्याच दिवसांत इफिसकर त्रफिमाला त्याच्यासोबत शहरात पाहिलेल्या काहींनी, पौलाने परराष्ट्रीयाला मंदिरात आणलं, अशी हाकाटी केली. दंगल उसळली आणि पौल रोमन शिपायांच्या साखळदंडात गेला. मंडळ्यांच्या औदार्याचा जिवंत पुरावा म्हणून सोबत आलेला माणूसच आरोपाचं निमित्त ठरला.

कैसरीयात सुभेदार फेलिक्सपुढे आपली बाजू मांडताना पौल एका वाक्यात सांगतो की पुष्कळ वर्षांनी मी माझ्या लोकांना दानधर्म करायला आणि अर्पणं वाहायला आलो. फेलिक्सच्या कानांनी त्यातलं काय टिपलं ते थोड्याच ओळींनंतर कळतं. पौलाकडून पैसे मिळतील या आशेने तो त्याला वरचेवर बोलावून घेई आणि त्याच्याशी बोलत बसे. असं दोन वर्षं चाललं. मग फेलिक्सच्या जागी फेस्त आला, तेव्हा पौल कैदेतच होता.